नारळाखालचा खड्डा

मी गेटातून गाडी आत घेतली तेव्हा मंदावहिनी शिंकत होत्या. एकामागून एक, पदर नाकाला लावून. गोठ्यातून त्यांच्या नवऱ्याच्या, भाऊसाहेबांच्या, शिंका ऐकू येत होत्या. दोन गायीही नाकं फुरफुरवत होत्या. सगळ्या अंगणात लाल तिखट पसरलेलं आणि नेमकं वारं सुटलेलं. ज्याच्यासाठी हे तिखट टाकलं होतं तो कुत्रा मात्र पाण्याच्या टाकीमागे, वारा लागणार नाही अशा जागी, ताज्या उकरलेल्या खड्ड्यात पोट टेकून पडला होता.

तिखट टाकायचा सल्ला माझा. फोनवर दिलेला.

"या डॉक्टर," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "तुमचं औषध लई जालीम हाय. कुत्र्याला सोडून सगळ्यांना लागू पडलं."

मी जनावरांचा डॉक्टर. कोल्हारच्या आसपासच्या वस्त्यांवर माझी प्रॅक्टिस आहे, आणि प्रॅक्टिस म्हणजे गायी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गायीचा ताप, गायीची कास, गायीचं विणं. कुत्रा हा आमच्याकडे जाता जाता बघायचा पेशंट. गायीला इंजेक्शन देऊन आपण हात धुवायला लागलो की कुणीतरी म्हणतं, डॉक्टर, एवढं ह्याच्याकडंबी बघता का? मग आम्ही बघतो. खरं सांगायचं तर बघितल्यासारखं करतो.

भाऊसाहेबांचा फोन आला तेव्हाही मी तेच केलं. "डॉक्टर, मुकादम सगळं अंगण उकरायला लागलाय, काय करू?" मी दुसऱ्या वस्तीवर गायीला सलाईन लावून उभा होतो. म्हणालो, "बांधून ठेवा. आणि तिखट टाका खड्ड्यांवर." एका दमात दोन सल्ले, दोन्ही चुकीचे. तिखटानं कुत्र्याच्या नाका-डोळ्यांची आग होते, सवय जात नाही. बांधून ठेवण्याचं पुढे सांगतो.

आधी हा मुकादम कोण ते सांगायला हवं. ऊसतोडीची टोळी हलली, त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उठल्या, आणि मागे एक तांबडं पिल्लू राहिलं. भाऊसाहेबांनी ते घरी आणलं. वस्तीवर कुणीही काम करायला लागलं की हा कुत्रा चार हातांवर जाऊन बसतो आणि काम संपेपर्यंत एकटक बघत राहतो. स्वतः काडी उचलत नाही. म्हणून नाव मुकादम.

असा कुत्रा अंगण उकरतो म्हणून कुणी डॉक्टरला अर्जंट बोलावत नाही. पण तिथं आणखी एक गोष्ट घडली होती. भाऊसाहेबांचे वडील, अण्णा, त्या खड्ड्यात पडले होते.

अण्णांना मागे अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा पाय ओढत चालतात, शब्द तुटक आणि मोजके येतात. दवाखान्यातून सांगितलं होतं की रोज चालवा. पण अण्णा कुणाचा हात धरायला तयार नव्हते. मुलाचा नाही, सुनेचा नाही. एक दिवस आपणच काठी घेऊन उठले तर मुकादम त्यांच्या डाव्या बाजूनं चालायला लागला. अण्णा थांबले की हा थांबायचा. तेव्हापासून दोघं रोज सकाळी पाटापर्यंत जाऊन यायचे. अण्णा आज जे काही चालतात ते त्या कुत्र्यामुळे, हे घरातले सगळेच मान्य करतात.

आणि नेमका त्याच कुत्र्यानं नवीन नारळाच्या रोपाखाली खणलेल्या खड्ड्यात अण्णांचा पाय गेला. गुडघा फुटला, मनगट सुजलं. हाड मोडलं नाही एवढंच.

"आवं, उद्या खुब्याचं हाड मोडलं म्हंजे?" वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी तेलानं पाय मीच चोळते त्यांचा. मला काय कुत्र्याचा राग हाय? पर मानूस आधी का कुत्रं आधी, तुमीच सांगा."

मी गाडीवरची बॅग सोडायला लागलो.

"माझ्या भावाला सांगितलंय. शनिवारी टेम्पो घेऊन येनार हाय सोनईहून. त्याच्या कांद्याच्या चाळीला राखण पाहिजेच. घेऊन जाईल."

कांद्याच्या चाळीची राखण म्हणजे काय ते मला माहीत होतं. रानात कांदा साठवायची एकटी चाळ, एक खुंटा, एक साखळी, आणि दोन वेळा कुणीतरी येऊन टाकलेली भाकरी. मुकादमाला ते जमलं नसतं. अण्णांचं चालणं तर तिथंच संपलं असतं. पडल्यापासून ते बाजेवरच होते.

वहिनी घरात गेल्यावर भाऊसाहेबांनी मला गोठ्याच्या कोपऱ्यात घेतलं. हा माणूस सरपंचाला भर ग्रामसभेत उलटं बोलतो, पण बायकोसमोर आवाज खाली ठेवतो.

"डॉक्टर, कायबी करा, पर कुत्रं ऱ्हाऊ द्या. अण्णा कालपासनं जेवलं न्हाईत धड."

"बघतो," मी म्हणालो. आणि या वेळी खरंच बघायला लागलो.

आमच्या धंद्यात हिस्ट्री नावाचा प्रकार असतो. जनावर बोलत नाही, म्हणून घरच्यांना विचारायचं. कधीपासून? त्याआधी काय बदललं? खाणं बदललं का, जागा बदलली का? निम्मा आजार हिस्ट्रीत सापडतो. गायीची हिस्ट्री घेतल्याशिवाय मी सुई काढत नाही. कुत्र्याची मात्र एका वाक्याचीही घेतली नव्हती. 'उकरतो' एवढं ऐकून 'बांधा' म्हणालो होतो.

वहिनी पुन्हा बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "हे उकरणं कधीपासून?"

"पाडव्याच्या आसपास चालू झालं. त्याच्या आदी एक ढेकूळ उकरलं न्हाई त्यानं."

"पाडव्याच्या आसपास अंगणात काय बदललं?"

"कायबी न्हाई."

भाऊसाहेब खाकरले. "निंब तोडला न्हाई का आपण? गाडीच्या शेडला."

झालं होतं असं. गेटाजवळ मोठा कडुनिंब होता. नवी गाडी घेतली, तिला पत्र्याचं शेड हवं होतं, म्हणून निंब पाडला. मग चिखल नको म्हणून अर्ध्या अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवले. पाडव्यानंतरचं ऊन, वर पत्रा आणि खाली सिमेंट. मुकादमाची दुपार निंबाखाली जायची. ती जागाच गेली.

मी टाकीमागच्या खड्ड्याकडे गेलो. मुकादम उठून बाजूला झाला. खड्डा उथळ होता, लांबट, ताटलीसारखा. तळाला पोटाचा ठसा. हात लावून बघा म्हणालो. वहिनींनी वाकून हात लावला.

"गार हाय की."

"टाकी पाझरते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढतो आणि गार माती शोधतो. त्यानं अंगण उकरलं नाही वहिनी, अंथरूण घातलंय."

"म्हंजे आता एसी बसवू त्याला?"

"ओलं पोतं पुरेल. आणि वर थोडं शेडनेट."

भाऊसाहेबांचा चेहरा जरा उजळला. दुसरा खड्डा पशुखाद्याच्या खोलीच्या भिंतीला लागून होता. हा अगदी वेगळा. अरुंद, तिरपा, भिंतीच्या पायाखाली गेलेला, आणि माती मागे लांबवर उडालेली. मी बॅटरी मारली. आत दुसरं एक बीळ दिसलं, चांगलं मनगट जाईल एवढं.

"घूस," मी म्हणालो.

"आत्ता गं बया!"

"तुमच्या खाद्याच्या पोत्यांना खालून भोकं पडतात का?"

वहिनींनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी गायींकडे बघितलं. पोतं फाटकं आणल्याबद्दल या नवरा-बायकोत बरेच दिवस वाद चालला होता, असं मला नंतर कळलं. घुशीचा संशय कुणालाच आला नव्हता. आला होता तो मुकादमाला, आणि तो त्याच्या पद्धतीनं कामाला लागला होता.

"म्हंजे ह्यो खड्डा आपल्या फायद्याचा," भाऊसाहेब म्हणाले.

"फायद्याचा असू द्या न्हाईतर तोट्याचा, भिंत पडंल ना माझी!"

"बीळ बुजवा. काचा आणि सिमेंट घालून. आणि खाद्य पत्र्याच्या ड्रममध्ये ठेवा. घूस गेली की याचं तिथलं काम संपलं."

तिसरा खड्डा गेटाखाली होता, आणि तो माझा होता असं म्हणायला हरकत नाही. माझ्या सांगण्यावरून त्याला गेटाजवळ साखळीनं बांधलं होतं; त्याच सकाळी पट्ट्यातून मान काढून तो सुटला होता. सकाळची फेरी बंद, दिवसभर चार हात जागा. ज्या वेळी अण्णा निघायचे त्याच वेळी तो गेटाखाली पंजे मारायला लागायचा. बांधलेल्या कुत्र्याकडे दुसरं काही करायला नसतं. मोकळा असताना त्यानं दोन जागी उकरलं असतं, बांधल्यावर एकाच जागी आठपट उकरलं. मी ते वहिनींना सांगितलं. साखळीचा सल्ला चुकला, हेही सांगितलं. ते सांगणं सोपं होतं, कारण त्यात कुणी पडलं नव्हतं.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "आता नारळाखालचा."

आम्ही नारळाकडे गेलो. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, ड्रिपच्या नळीवर लावलेलं ते रोप एका बाजूला कललं होतं. खाली खड्डा. भाऊसाहेबांनी तो तीन-चारदा बुजवला होता आणि मुकादमानं तेवढ्याच वेळा उकरला होता.

"ह्याच्यात पडले अण्णा," वहिनी म्हणाल्या. "वासबी येतोय कसला तरी. कुत्रंच घाण करत असंल."

मी वाकलो. वास माझ्या ओळखीचा होता. जनावरांच्या कुठल्याही डॉक्टरच्या ओळखीचा असतो, कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. मातीत एक पांढुरकं, चामड्यासारखं टोक दिसत होतं. मी बुटानं त्यावर माती लोटली.

आता ते काय होतं ते सांगतो. गाय व्याली की वासरामागून वार पडते. वार म्हणजे पोटात वासराला पोसणारं आवरण. वासरू झाल्यावर काही तासांत ते आपोआप पडायला हवं. नाही पडलं तर आम्हाला बोलावतात. पडलेली वार वस्तीवरचे लोक उकिरड्यावर टाकत नाहीत. ती पुरतात. कुत्र्यांनी ओढली तर गायीचं दूध आटतं, असं जुनी माणसं म्हणतात. दूध आटतं का ते मला ठाऊक नाही, पण रोग पसरू नये म्हणून पुरायलाच हवी. पुरायची रीत अशी की गोठ्यामागे कडक जागी कंबरेएवढा खड्डा, त्यात वार, तिच्यावर मीठ किंवा चुना, माती, आणि सगळ्यात वर दगड.

पाडव्याच्या आधी भाऊसाहेबांची काळी गाय पहाटे व्याली आणि वार अडकली. त्यांना राहात्याला जवळच्या नात्यातलं लग्न होतं. फोनवर म्हणाले, "डॉक्टर, आमी निघतो, तुमी जाऊन बघा, घर तुमचंच हाय." मी गेलो. अण्णा आत झोपले होते. गायीला औषध दिलं, हात घातला, वार सुटत आलेली होती, निघाली. घमेल्यात घेऊन गोठ्यामागे गेलो. तिथला मुरूम असा कडक की कुदळ उसळून अंगावर यायची. दोन घाव घातले. तेवढ्यात दुसरा फोन, अडलेल्या गायीचा. मी इकडेतिकडे बघितलं. नारळाचं रोप नुकतंच लावलं होतं, माती लोण्यासारखी मऊ. फळझाडाखाली वार पुरली की झाड लवकर धरतं असंही लोक म्हणतात. एरवी मी त्यावर हसतो. त्या दिवशी मला ते एकदम पटलं. गुडघ्याच्याही खालीच भरेल एवढा खड्डा, आत वार, वर माती. मीठ नाही, चुना नाही, दगड नाही. भाऊसाहेबांना फोन केला, "वार पडली, पुरली." कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. ते नेहमीसारखं गोठ्यामागे समजले.

या सगळ्या कामाला एकच साक्षीदार होता. तो चार हातांवर बसून शेवटपर्यंत बघत होता.

"काय वो डॉक्टर," वहिनी म्हणाल्या, "ह्या खड्ड्याचं काय?"

मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे. गायींबरोबर काम करताना ते खपतं, उलट लोकांना वाटतं डॉक्टर विचार करतोय. मी उठून उभा राहिलो. मनात आलं ते असं की, भाऊसाहेबांच्या शब्दावर आसपासच्या निम्म्या वस्त्या मला बोलावतात. आणि अण्णा पडले ते माझ्या खड्ड्यात पडले, असं त्यांच्या सुनेला तोंडावर कसं सांगायचं.

"हे जरा बिहेवियरल आहे, वहिनी."

इंग्रजी शब्द लपायला बरा पडतो.

"म्हंजे?"

"म्हणजे... स्वभाव."

"बाकीच्यांना कारण हाय, ह्याला न्हाई?"

"नाही."

वहिनींनी कललेल्या नारळाकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. "मंग संपलंच की. गर्मीचा खड्डा समजला, घुशीचा समजला. पर ज्याच्यात माझा म्हातारा मानूस पडला त्योच नुसता स्वभाव. आन् स्वभावाला औषध न्हाई." त्या भाऊसाहेबांकडे वळल्या. "दादाला सांगते, शनिवारी सकाळीच ये."

भाऊसाहेब गोठ्याकडे वळले. मी हात धुतले. चहा समोर आला तो तसाच ठेवून निघालो. गेटाजवळ बाजेवर अण्णा बसले होते. "डागदर," एवढंच म्हणाले आणि डावा हात मुकादमाच्या डोक्यावर ठेवला. पुढचा शब्द आला नाही. मीही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी एका वस्तीवर गाय विऊन मोकळी झाली. तिथला तरुण मालक म्हणाला, "डॉक्टर, वार टाकू का ह्या केळीखाली?" मी त्याला गोठ्यामागे नेऊन कुदळ हातात दिली. तो खणत गेला. बास का? नाही. बास का? नाही. शेवटी खड्ड्यातून त्याचं डोकं तेवढं दिसायला लागलं. "डॉक्टर, वार पुरायचीय का विहीर पाडायचीय?" मी म्हणालो, मीठ आण. तो मीठ आणायला गेला आणि मी त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून विचार केला, की परक्या माणसाला खड्ड्यात उतरवून माझा खड्डा काही बुजत नाही.

तरी मी त्या दिवशी गेलो नाही. फोन हातात घेतला, ठेवला. रात्री बायकोनं विचारलं, भाजीत मीठ जास्त झालंय का? मी हो म्हणालो. तिनं खाऊन बघितलं आणि म्हणाली, "मुळीच नाही. काय झालंय तुम्हाला?"

शनिवारी सकाळी पहिला कॉल टाळून मी भाऊसाहेबांच्या वस्तीवर गेलो. टेम्पो अंगणात उभा होता, फाळका खाली सोडलेला. वहिनींचा भाऊ, दादा, हा ऐसपैस पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस दोरी घेऊन मुकादमामागे फिरत होता. मुकादमाला हा खेळ वाटत होता. दादा पुढे गेला की तो मागे, दादा थांबला की तो बसून बघायचा.

"आरं लेका, तुझ्याच भल्याचं हाय! सोनईत सगळ्या सोयी हायेत!"

भाऊसाहेब गोठ्यात पाठ करून शेण ओढत होते. ओढलेलंच पुन्हा ओढत होते. अण्णा बाजेवर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. वहिनी दारात उभ्या होत्या, एका हातात भाकरीचं गाठोडं. कुत्र्यासाठी बांधलं होतं ते, वाटेत खायला.

मी गाडी स्टँडवर लावली. रस्ताभर वाक्य तयार करत आलो होतो, मऊसं, वळणाचं. ते गाठोडं बघून सगळं विसरलो.

"वहिनी, नारळाखालच्या खड्ड्यात काळ्या गायीची वार आहे. मीच पुरली. घाई होती म्हणून उथळ पुरली, मीठ-चुनाही टाकला नाही. त्या दिवशी वास आल्याबरोबर मला कळलं होतं. स्वभाव-बिभाव काही नाही. मी खोटं बोललो."

दादा दोरी हातात धरून तसाच उभा. भाऊसाहेब गोठ्याबाहेर आले, फावड्यासकट.

"म्हंजे," वहिनी सावकाश म्हणाल्या, "ह्यानं तुमी पुरलेलं उकरलं."

"हो."

"आन् अण्णा पडले त्यात."

"हो."

"म्हंजे गुन्हा डॉक्टरांचा आन् हद्दपारी मुकादमाला?"

मी मान खाली घातली. भाऊसाहेब काय म्हणतील याची मला जास्त भीती होती. पण बोलला तो दादा.

"मंग ताई, मी डॉक्टरलाच नेतो की सोनईला! राखणीला कुनीतरी पाहिजेच हाय. भाकरीबी बांधलेलीच हाय."

आधी एक खरखरीत आवाज आला. मला वाटलं खोकला. अण्णा हसत होते. तोंडाची एकच बाजू हसते त्यांची, पण खांदे सगळे हलत होते. ते बघून वहिनींना हसू आलं, मग भाऊसाहेबांना. मला आलं नाही, पण छातीवरचं काहीतरी उतरलं.

हसून झाल्यावर वहिनी गंभीर झाल्या. "हसले म्हनून सोडलं समजू नका, डॉक्टर. वास जावा म्हनून मी त्या खड्ड्यावर रोज सडा मारत हुते. आन् त्यांचा गुडघा बघा, अजून काळानिळा हाय."

"खरं आहे," मी म्हणालो. मी अण्णांसमोर गेलो. "अण्णा, चुकलं माझं."

अण्णा शब्द शोधत होते. आम्ही सगळे थांबलो. मुकादमही थांबला. शेवटी त्यांनी काठी उचलून गोठ्याच्या भिंतीकडे दाखवली.

"कुदळ," ते म्हणाले.

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. दादा म्हणाला मी करतो, भाऊसाहेब म्हणाले राहू द्या डॉक्टर. अण्णांनी काठी आपटली. गोठ्यामागचा मुरूम त्या दिवशीही तेवढाच कडक होता. तळहाताला फोड आले. कंबरेएवढं झाल्यावर मी वर बघितलं तर काठावर बाज आणवून अण्णा बसलेले. त्यांनी काठी आत सोडून खोली बघितली आणि अजून, अशी खूण केली. मग नारळाखालचं सगळं उकरून, मातीसकट, घमेल्यांनी आणून टाकलं. वासाबद्दल लिहीत नाही, वाचणारे जेवणार असतील. वर मीठ, चुना, माती. दादानं वाहून आणलेले दगड. नारळ सरळ करून काठीला बांधला.

टेम्पो सोनईला रिकामा गेला. अगदी रिकामा नाही. भाकरीचं गाठोडं दादानं वाटेत खायला घेतलं.

पुढचं सांगायला सोपं आहे. टाकीशेजारी शेडनेट बांधून त्याखाली नदीच्या वाळूचं एक टोपलं, मग दुसरं, असं करत मुकादमासाठी उकरायची जागा केली. उकरणं हा कुत्र्याचा उद्योग आहे, तो बंद होत नाही. त्याला जागा देता येते. वहिनी सकाळी वाळूवर पाणी मारायच्या आणि आत भाकरीचे तुकडे पुरायच्या. तो दुसरीकडे पंजे मारायला लागला की ओरडायचं नाही, नाव घेऊन वाळूकडे न्यायचं, तिथं उकरलं की शाबासकी. वहिनींना ओरडायचं नाही हे फार जड गेलं. "नवऱ्यावर तीस वर्सं वरडले, कुत्र्याशी गोड बोलू?" म्हणाल्या, पण बोलल्या. घुशीचं बीळ बुजवलं, खाद्य ड्रममध्ये गेलं. घूस शेजारच्या वस्तीवर गेली असावी, कारण तिकडची पोती फाटायला लागली आहेत. साखळी गायीच्या वासराला वापरतात.

गुडघा बरा झाल्यावर अण्णा पुन्हा पाटापर्यंत जायला लागले. आता थोडं पुढे, रस्त्याखालच्या मोरीपर्यंत जातात. मुकादम साधू झालेला नाही. मध्यंतरी त्यानं वहिनींचं गुलाबाचं कलम उकरलं. तेव्हा त्यांचा मला फोन आला. हिस्ट्री घेतली. कलमाला त्यांनी हाडांचा चुरा घातला होता, खत म्हणून, मला न विचारता. "ह्या वेळी गुन्हा माझा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

राहिली माझी प्रॅक्टिस. त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर ही गोष्ट माझ्या आधी पोहोचली होती. दादानं सांगितली, भाऊसाहेबांनी रंगवली. मला वाटलं आता माणसं दुसऱ्या डॉक्टरला बोलावतील. एका-दोघांनी बोलावलंही. बाकीच्यांचे फोन येत राहिले, फक्त प्रत्येक जण गाय मोकळी झाली की विचारतो, "डॉक्टर, गुडघ्याएवढा का कंबरेएवढा?" आणि आजूबाजूचे हसतात. मी कुदळ मागतो. आपल्यावर हसणाऱ्या माणसांनी खड्डा मात्र नीट खोल खणलेला असतो, हे मी पाहिलं आहे.

तेव्हा गोठा असलेल्यांनी एवढं करावं. वार गोठ्यामागे, कडक जागी, कंबरेएवढी खोल पुरावी, वर मीठ आणि दगड. जागा घरातल्या माणसाला दाखवून ठेवावी. आणि डॉक्टर घाईत असला तर त्याला खणू देऊ नये.